टोपावरचं नाव

सोललेल्या नारळाला शेंडी ठेवलेली असते, किंवा नसते. नारळ वाटणात जायचा असेल तर शेंडीची गरज नाही; देवापुढे ठेवायचा किंवा मंगलकार्यात कुणाच्या हातात द्यायचा असेल तर ती हवीच. त्या महिन्यात आमच्या पडवीच्या कोपऱ्यात नारळांची रास वाढत होती, आणि त्यातल्या एकूण एक नारळाला शेंडी होती. लांब, निगुतीने विंचरल्यासारखी!

हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मी मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. 'आधी निरीक्षण, मग निष्कर्ष' हे फळ्यावर लिहून लिहून माझा उजवा खांदा दुखायला लागलाय. निरीक्षणात मी सहसा चुकत नाही. पण ह्या खेपेला निष्कर्ष माझ्या आधीच सगळ्या रत्नागिरीने काढून ठेवला होता, आणि तो एक मला सोडून सगळ्यांना माहीत होता!

टांझानियातल्या समुद्रकाठच्या एका गावात, शाळेत विज्ञान शिकवायला स्वयंसेवक हवे होते. मुदत दोन वर्षं. मुंबईतल्या एका संस्थेने माझी निवड केली. पगार नाही, राहणं-जेवण शाळेकडे, विमानाचं तिकीट संस्थेकडे, आणि सामान वीस किलो. त्याहून चमचाभरही जास्त चालणार नाही, असं बजावलेलं. मी त्याच संध्याकाळी घरात जाहीर केलं, "सामान मी शास्त्रीय पद्धतीने भरणार. प्रत्येक वस्तू आधी तोलायची, मग आत ठेवायची. कुणीही मधे पडायचं नाही. एका दुपारचं काम आहे!"

एका दुपारचं! महिना उलटत आला तरी आमच्या माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती.

सुरुवात बाबांनी केली. बाबा, म्हणजे सखाराम मयेकर, सगळी नोकरी बोटीवर. सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त झाले. त्यांनी माळ्यावरून स्वतःची लोखंडी पेटी खाली उतरवली आणि माझ्यासमोर अशी ठेवली की जणू वंशाचं सिंहासनच माझ्या हवाली केलं.

"बाबा, ही रिकामी पेटीच आठ किलो भरते!"

"भरू दे. पेटी मजबूत हवी. समुद्रात पडली तरी आत पाणी शिरत नाही."

"मी विमानाने चाललेय!"

"विमानाखाली काय असतं?" बाबांनी शांतपणे विचारलं. "समुद्रच ना?"

 मी वजाबाकी केली. उरले बारा किलो.

मग आई आली. तिला तिथल्या हवेची चौकशी करायची होती. मी तिला बसवून नीट समजावलं. आपण विषुववृत्ताच्या वर सतरा अंशांवर, ते गाव खाली दहा अंशांवर. दोन्हीकडे समुद्र, दमट हवा, घाम, भरपूर पाऊस. नारळ, काजू, आंबे, मासे, भात, सगळं अगदी इथल्यासारखं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जायचं कशाला?"

आणि लगेच काजूची पुरचुंडी पेटीत ठेवली. मी काढली. तिने परत ठेवली. जिथे काजूची बनंच्या बनं उभी आहेत तिथे रत्नागिरीहून काजू! पण आईचं म्हणणं, ते त्यांचे काजू, हे आपले. त्यापाठोपाठ आमसुलं आली, कुळथाचं पीठ आलं, आंबापोळी आली. मी मुलांना प्रयोग दाखवायला एक लोलक, दोन भिंगं, लोहचुंबक आणि कापसात गुंडाळलेला एक बीकर घेतला होता. दुसऱ्या दिवशी पाहते तर बीकरमध्ये मेतकूट!

"आई! ते प्रयोगाचं भांडं आहे!"

"रिकामंच चाललं होतं. पोकळ भांडं प्रवासात न्यायचं नसतं."

"त्यात आम्ल ओतायचं असतं, आम्ल!"

"मग आधी मेतकूट संपव, मग ओत," आई म्हणाली. लोलक तिने एव्हाना आंबापोळीच्या घडीत खुपसला होता, 'तिकोनी काच कुणाला लागायला नको' म्हणून.

हे सगळं मी सोसत होते, आणि सोसण्याला माझ्याकडे कारण होतं. ते कारण म्हणजे पावसचे महिपतराव शिवलकर.

महिपतराव दोन वर्षांपूर्वी मला बघायला आले होते. बांधकाम खात्यात नोकरी, शांत स्वभाव, घरात आईच्या जागी मावशी. त्यांनी दोनदा पोहे घेतले, एकदा पाणी मागितलं आणि निरोप पाठवला, पसंत. माझ्याविषयी एवढ्या अपुऱ्या पुराव्यावर इतका ठाम निष्कर्ष आजवर कुणी काढला नव्हता! आईने उलट निरोप पाठवला, "बघू." आमच्या घरात 'नाही' हा शब्दच नाही. त्याच्या जागेवर 'बघू' पाय पसरून बसलेला असतो. आणि मला कुणी विचारलं म्हणता? छे! मी आपणहून तोंड उघडलं की आई म्हणायची, "आत्ता नको, बाबा जेवतायत." बाबांचं जेवण झालं की, "आत्ता नको, बाबा झोपलेत." दोन वर्षांत बाबा एक तर जेवत होते, नाही तर झोपत होते!

मला लग्न करायचं नव्हतं. माझी काही दुःखाची कहाणी नाही. मला माझी शाळा आवडते, संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर एकटीने चालत जायला आवडतं, आणि रात्री दिवा कधी मालवायचा हे कुणाला न विचारता ठरवायला आवडतं. एवढं साधं वाक्य. पण ते बोलायला त्या घरात फट सापडत नव्हती. म्हणून मी ठरवलं, बोलायचंच कशाला? एकदा पेटी घराबाहेर पडली की उत्तर आपोआप पोचेल. दोन वर्षं कोण थांबतो? महिपतराव दुसरीकडे पोहे खातील आणि प्रश्न सुटेल. तेव्हा पेटी जाणं महत्त्वाचं. मेतकुटासकट तर मेतकुटासकट!

आता भागोजी. रामआळीत भागोजींचं भांड्यांचं दुकान आहे. भांडं विकत घेतलं की ते स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन त्यावर नाव घालून देतात. टक टक टक. अक्षर मोत्यासारखं, कान मात्र एक डावा, तोही अर्धाच उघडा. मला एक छोटा टोप, एक झाकणी आणि एक पेला हवा होता. शिक्षकांचं स्वयंपाकघर एकच, तेव्हा भांड्यांवर नाव घाला, असं संस्थेनेच सांगितलं होतं. आमचं बोलणं जसं झालं तसं देते. तुम्हीच सांगा माझं काय चुकलं.

"मालनताई, नवी भांडी? लांब निघालात वाटतं!"

"हो. दोन वर्षं तरी येणं नाही."

"वा वा! मोठं बिऱ्हाड आहे का तिकडे?"

"आठदहा माणसं आहेत. सगळे एकत्र राहतात, चूल एकच."

"आजच्या काळात हे राहिलं नाही हो! माणसं कशी आहेत?"

"पत्रांवरून तर चांगली वाटतात."

"म्हणजे? अजून भेट नाही?"

"भेट कशी होणार, भागोजी? आता विमानातून उतरेन तेव्हाच तोंडं बघायची."

भागोजींनी छिन्नी खाली ठेवली, माझ्याकडे एकदा मायेने पाहिलं आणि परत उचलली.

"नाव काय घालू? मयेकरच?"

"नुसतं मालन घाला. आणि पुढे टांझानिया."

"टांझानिया," भागोजी म्हणाले. "छान! आमचा तांब्याच्या पत्र्याचा व्यापारी कापडिया, मुंबईचा लाकडिया, तसे हे टांझानिया. व्यापारातली माणसं ही. चार दिवसांनी देतो करून."

मला वाटलं, म्हाताऱ्याला वाटतंय टांझानियात व्यापार चालतो. चालतही असेल! मी मान डोलावली आणि बाहेर पडले.

झालं. टांझानिया नावाच्या देशाचं टांझानिया आडनावाच्या माणसात रूपांतर व्हायला एवढंच पुरलं. रसायनशास्त्रात मी इतकी जलद क्रिया पाहिलेली नाही!

त्यानंतर जेवणाची बोलावणी सुरू झाली. पहिलं आलं शेजारच्या तुळसाकाकींचं. "मालन, बुधवारी आमच्याकडे जेवायला ये गो. आता जाणार तू." त्यांचा आवाज ओला होता. मलाही भरून आलं. आईचे गुडघे धरलेले आणि बाबा दुसऱ्याच्या घरी जेवत नाहीत, म्हणून मी एकटीच गेले. बघते तर पाटाभोवती रांगोळी! ताटाभोवती रांगोळी! समई, उदबत्ती, वडे, काळ्या वाटाण्यांची आमटी, खीर! मी मनात म्हटलं, विज्ञानाचा प्रसार करायला निघालेल्या बाईचा हा मान! रत्नागिरी सुधारली!

"तिकडची माणसं गोड खाणारी का गो?" काकींनी वाढता वाढता विचारलं.

"कल्पना नाही. मक्याच्या पिठाचं काहीतरी उकडून खातात म्हणे."

"मक्याचं? म्हणजे अगदी आतल्या मुलखातली दिसतात." त्या जरा थांबल्या. "हे बघ, सुरुवातीला गप्प राहायचं. विचारलं तेवढंच बोलायचं."

"गप्प राहून कसं चालेल, काकी? मी शिकवायला चाललेय."

"शिकव गो, पण आल्या आल्या नको. सहा महिने जाऊ देत."

"सहा महिन्यांत परीक्षा येते!"

तुळसाकाकींनी कपाळाला हात लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोरं आहेत तिकडे?"

"आहेत ना! त्यांच्याकडे बघायला कुणी माणूसच नाही, म्हणून तर मला बोलावलं."

"किती?"

"भरपूर."

वड्याचा झारा हवेतच राहिला. "लहान आहेत?"

"छे, चांगली चौदा-पंधरा वर्षांची."

"एवढी घोडी!" काकी पाटाशेजारी बसल्याच. "मोठ्या पोरांना आपलंसं करणं कठीण गो बाय."

"मला सवय आहे," मी म्हटलं आणि आणखी एक वडा घेतला. निघताना त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला, हिरवं खणाचं कापड ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. बाबा बोटीवर जायला निघायचे तेव्हा आई त्यांच्या हातात असाच नारळ द्यायची. समुद्र ओलांडून जाणाऱ्या माणसाला नारळ, असा मी अर्थ लावला. तुम्हाला तो चूक वाटतो? मला आजही वाटत नाही!

मग रोज एक घर. रोज रांगोळी, रोज नारळ, रोज हिरवं कापड. पेटीतलं वजन मी दिवसा कमी करायची आणि माझं स्वतःचं संध्याकाळी वाढायचं. कुणी म्हणे, "वयाकडे बघायचं नाही, माणूस चांगला हवा." मला वाटलं, हे तिथल्या मुख्याध्यापकांबद्दल असावं. मी सांगितलं, "फार चांगले आहेत म्हणे. त्यांनीच तर मला मागवून घेतलं." त्यावर सगळ्या बायकांनी एकदम माना खाली घातल्या. आमच्या घरी मात्र कुणी अवाक्षर काढत नव्हतं. का? तर घरच्यांना लाज वाटत असेल, आपण कशाला विषय काढा! एरवी आमच्या गल्लीत कुणाच्या घरी कुठला मासा आला हे शेवटच्या घरापर्यंत पोचतं, आणि नेमका ह्याच बाबतीत सगळ्यांना समंजसपणा सुचला!

एकट्या तुळसाकाकींना राहवलं नाही. एका सकाळी मी आत साबणाच्या वड्या तोलत होते आणि बाबा अंगणात विडी ओढत बसले होते. काकींनी गडग्यावरून, म्हणजे आमच्या दोन अंगणांमधल्या चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीवरून, बाबांना विचारलं, "मालनचे बाबा, टांझानियांची तुम्हाला काही माहिती आहे का हो?"

"माहिती? चांगली जुनी आहे," बाबा म्हणाले. "आमच्या वेळी टांगानिका म्हणायचे. मग झांझिबारशी सोयरीक झाली आणि टांझानिया नाव लागलं."

"सोयरीक? कधी?"

"झाली की वीसेक वर्षं."

"आणि आता ती?"

"आता काय, कुरबुरी चालायच्याच. पण सोडून जात नाही."

"म्हणजे आहे अजून?"

"आहे म्हणजे? लवंगेचा सगळा व्यापार तिच्याच हातात! दिसायला एकदम देखणी. मी तीनदा बघितलीय."

बोट असो, बंदर असो की बेट असो, बाबांच्या तोंडी सगळ्यांना 'ती'च असतं. मी आतून ऐकलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट कौतुक वाटलं, बाबा शेजाऱ्यांना भूगोल शिकवतायत! पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो बहुधा कळशीचा होता.

तोवर मला ते लोक बिजवराकडे पाठवत होते. त्या दिवसापासून सवतीवर पाठवायला लागले.

अखेर निघायचा आदला दिवस उजाडला. पेटी तुडुंब भरली होती आणि बंद होत नव्हती. मी एकीकडून आमसुलं काढत होते, आई दुसरीकडून कुळीथ घालत होती. इतक्यात बाहेर फाटक वाजलं आणि पावसच्या पहिल्या एसटीने आलेल्या यमुनाबाई शिवलकर आत शिरल्या. महिपतरावांच्या मावशी. त्यांच्यामागे महिपतराव, इस्त्रीच्या शर्टात. आणि त्यांच्यामागे, गडग्यावरून सगळं पाहिलेल्या तुळसाकाकी, कुणी न बोलावता!

खुर्च्यांवर माझी अंथरुणं होती. महिपतराव इकडेतिकडे बघत पेटीच्या झाकणावर टेकले. टक्! महिनाभर न लागलेली कडी लागली!

"उठू नका!" मी ओरडले.

महिपतरावांचे कान लाल झाले. यमुनाबाईंना वाटलं, पोरीचं मन अजून आमच्याकडेच आहे, आणि त्यांना अधिकच चेव आला.

"मयेकर," त्या बाबांना म्हणाल्या, "आम्ही पावसची माणसं काय अगदी भोळी वाटलो तुम्हाला? दोन वर्षं झुलवलंत. वर आणि निरोप, आणखी दोन वर्षं थांबा. थांबणार होतो! ह्या पोराने लांज्याचं स्थळ परत पाठवलं, देवरुखचं परत पाठवलं. आणि तुम्ही खुशाल पोर देऊन बसलात त्या टांझानियांना!"

"दिली कुठे?" बाबा म्हणाले. "दोन वर्षांनी परत येणार आहे ती."

"अगो बाई!" यमुनाबाईंनी तोंडावर पदर धरला. "म्हणजे दोन वर्षांपुरतीच?"

"तसाच त्यांचा नियम आहे," आई म्हणाली. "मुदत संपली की दुसरी जाते."

तुळसाकाकी मटकन खाली बसल्या.

"एक मिनिट," मी म्हटलं. वर्गात गोंधळ झाला की मी हेच म्हणते. "नक्की कुणाला कुणाकडे दिलंय?"

सगळ्यांनी नजरा फिरवल्या. शेवटी तुळसाकाकीच कळवळून म्हणाल्या, "मालन, आता लपवून काय गो? सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही कुणी तोंडावर बोललो का? गुपचूप केळवणं केली की नाही?"

केळवणं!

मी पडवीच्या कोपऱ्यात पाहिलं. ती रास. त्या शेंड्या. ती हिरवी कापडं. लग्न ठरलेल्या मुलीला घराघरांतून जेवायला बोलावतात ते केळवण मला माहीत नाही असं नाही, पण ते आपलंच चाललंय हे कुणाच्या डोक्यात येईल? अर्धी रत्नागिरी माझ्या लग्नाचं जेवली होती, नव्हे, मीच अर्ध्या रत्नागिरीत माझ्या लग्नाचं जेवले होते!

तेवढ्यात दारात भागोजी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छिन्नी-हातोडी. "ताई, उशीर झाला, माफ करा. हातासरशी घेऊन आलो. बघा अक्षर पसंत पडतंय का." त्यांनी टोप पुढे धरला. अक्षर खरंच मोत्यासारखं होतं.

सौ. मालन टांझानिया.

"'सौ.' मी माझ्या मनाने घातलंय," भागोजी लाजून म्हणाले. "माझ्याकडून तेवढीच भेट."

मी शांत बाई आहे. शाळेत माझा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. पण त्या क्षणी तो चढला.

"टांझानिया हा देश आहे! देश! माणूस नाही!"

"देश?" यमुनाबाई म्हणाल्या.

"दारेसलाम हो," बाबा म्हणाले. "त्याच्या खालच्या अंगाला. मी तीनदा जाऊन आलोय."

"मग ती झांझिबारवाली?" तुळसाकाकींनी विचारलं.

"बेट आहे ते!"

"आणि पोरं?"

"शाळेतली! शाळेतली पोरं आहेत, शाळेत मुख्याध्यापक आहेत, आणि मी तिथे विज्ञान शिकवायला चाललेय. लग्नबिग्न काही नाही!"

 मग तुळसाकाकी हळूच म्हणाल्या, "बरं झालं गो बाय." पण खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा उतरला होता. भागोजींनी टोप उलटसुलट करून पाहिला. "कापडिया, लाकडिया," ते पुटपुटले. "मला काय ठाऊक?"

मला वाटलं, संपलं. पण यमुनाबाईंचा चेहरा बघता बघता उजळला.

"म्हणजे पोरगी मोकळीच आहे!"

"मोकळीच, मोकळीच!" आई म्हणाली. "मी निरोपात काय खोटं सांगितलं होतं? दोन वर्षं थांबा, ती तिकडची हौस फेडून येईल, तोवर तुमच्या घराचा वरचा मजला होईल."

"काय सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"अगं, बघू म्हटलं होतं ना आपण!"

आपण! तुम्हीच विचार करा. टांझानिया नावाचा नवरा निदान परक्यांनी तयार केला होता, तोही गैरसमजाने. हा दुसरा माझ्या घरात, माझ्या आईने, पूर्ण शुद्धीत तयार करून ठेवला होता! मी पेटी भरत होते ती सुटायला, आणि ती परत येण्याची तारीख आधीच कुणाला तरी कळवलेली होती!

"मग आता खोळंबा कशाला?" यमुनाबाई म्हणाल्या. "साखरपुडा आत्ताच उरकून टाकू. माणसं जमलीयत, नारळ आहेत, केळवणंसुद्धा झालीयत!"

आणि काय सांगू, महिनाभर जी माणसं मला एक पेटी बंद करू देत नव्हती, ती एकदम कामाला लागली! आई साखर आणायला आत धावली. तुळसाकाकींनी पाट मांडला आणि रांगोळीची चिमूट सोडलीसुद्धा. त्यांचा चेहरा पुन्हा खुलला होता. यमुनाबाईंनी राशीतून लांब शेंडीचा नारळ निवडला. बाबांनी विडी विझवली आणि टोपी शोधायला लागले.

"मावशी, मी उठू का?" महिपतरावांनी पेटीवरून विचारलं. दोन वर्षांपूर्वी पाणी मागितल्यानंतर त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"बस तिथेच," यमुनाबाई म्हणाल्या. "शोभतोयस."

मी मधे उभी. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं तर तुळसाकाकींनी त्यात साखर घातली! खरंच घातली! आई आतून डबा घेऊन आली होती आणि आनंदाच्या भरात जो समोर येईल त्याच्या तोंडात साखर पडत होती.

माझ्याकडे बघत होता तो एकच माणूस. भागोजी. ते उंबऱ्याजवळ उकिडवे बसले होते. टोप मांडीवर उपडा घातलेला, छिन्नी 'टांझानिया'वर टेकवलेली, हातोडी वर उचललेली.

"मालनताई," ते म्हणाले, "हे टांझानिया खोडून पुढे शिवलकर बसतंय. जागा आहे बरोबर. पण एकदा चूक झाली, आता तुम्हाला विचारल्याशिवाय ठोकणार नाही. बोला, काय घालू? शिवलकर घालू ना?"

आणि ते थांबले. उघडा अर्धा कान माझ्याकडे करून, हातोडी तशीच वर धरून, उत्तराची वाट बघत थांबले. दोन वर्षांत मला विचारणारा हा पहिला माणूस. साखर अजून पुरती विरघळली नव्हती. मी ती गिळली. आणि मग शेवटच्या बाकापर्यंत पोचायला जो आवाज लावते, तो माझ्या नकळत लागला. इतका मोठा की टोप घुमला, महिपतराव दचकून पेटीवरून उठले आणि कडी ताडकन उघडून मेतकुटाचा ढग वर आला.

"काही घालू नका! मला लग्न करायचं नाही! ह्या महिपतरावांशी नाही, त्या टांझानियांशी नाही, कुणाशीच करायचं नाही!"